लाकडं पोचली

२००६ च्या ऑक्टोबरात, डॉर्सेटमधल्या एका शेतामागच्या जुन्या दगडखाणीत, माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या मुलीला सांगितलं की आपण आता फार दिवस जगणार नाही. सांगितलं मराठीत. तिला ते कळलं नाही, आणि तिला कळलं नाही हे त्यांना कळलं नाही.

दर सप्टेंबरात हे आठवतं. त्या दिवसांत कॉव्हेंट्रीहून दक्षिणेकडे जाताना मोटरवेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बार्लीचे खुंट दिसू लागतात. फिके पिवळे, ओळीत, पावसाने थोडे काळवंडलेले. गाडीच्या काचा बंद असल्या तरी ओल्या काडाचा वास आत येतो. इंग्लंडमध्ये या दिवसांना धड नाव नाही. उन्हाळा संपलेला असतो, पानगळ अजून सुरू झालेली नसते, शाळा उघडलेल्या असतात आणि संध्याकाळच्या चहालाच दिवा लावावासा वाटतो. आमच्या घरात मात्र त्यांना नाव होतं. बाबा म्हणत, लाकडांचे दिवस.

लाकडं म्हणजे दगड. डायनासोरांच्या काळात डॉर्सेटच्या त्या पट्ट्यात सूचिपर्णी झाडांचं जंगल होतं. ते पाण्याखाली गेलं, गाळाखाली गेलं, आणि पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे सिलिका, हळूहळू लाकडात शिरत गेली. लाकूड नाहीसं झालं, त्याच्या जागी दगड बसला. पण इतक्या सावकाश की प्रत्येक पेशीचा आकार जसाच्या तसा राहिला. खोडाची वलयं दिसतात. गाठी दिसतात. एखाद्या तुकड्यात किड्याने पोखरलेली भोकंही दिसतात. हातात घेतलं तर गार आणि जड, लांबून पाहिलं तर कुणीही म्हणेल की चुलीत घाला.

खाण मिसेस हॅलेट या शेतकरीणबाईंच्या मालकीची होती. माणशी पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकायचे आणि एक बादली घ्यायची. बादलीत मावेल ते आपलं. मावणार नाही ते बाईंना दाखवायचं, मग त्या ठरवणार. खाणीकडे जाणारी वाट बार्लीच्या शेतातून होती, म्हणून फाटक उघडायचं ते कापणी झाल्यावर, आणि बंद व्हायचं ते हिवाळी गव्हाची पेरणी सुरू झाली की. त्या दोन्हींच्या मधले थोडे आठवडे, तेही शनिवारी. पाऊस असला तर गुडघाभर चिखल, वारा असला तर समुद्राकडून येणारं बारीक धुकं, आणि खाणीच्या कड्यावर कावळ्यांची दिवसभर कटकट.

बाबा छातीचे डॉक्टर होते. कराडचे, पुण्यात शिकले, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या हॉस्पिटलात आले आणि इथूनच निवृत्त झाले. पत्नी बऱ्याच आधी गेली होती. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना एकदा त्या खाणीवर नेलं आणि पुढे ते दर वर्षी जाऊ लागले. हातोडी आणि छिन्नी ते वापरत, पण शेवटी. आधी दगडावर डाव्या हाताचं मधलं बोट आडवं ठेवायचे आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायचे, रुग्णाची छाती तपासतात तसं.

"डॉक्टर, खोकला आहे का त्याला?" मिसेस हॅलेट शेडमधून ओरडून विचारत.

"खोकला नाही. पण श्वास बऱ्याच दिवसांत घेतलेला नाही," बाबा उत्तर देत.

हा विनोद दर वर्षी होई आणि दर वर्षी दोघंही हसत.

घरी आणलेली लाकडं गॅरेजमध्ये फळ्यांवर मांडलेली असत. त्या गॅरेजला बाबा वखार म्हणत. गाडी बाहेर रस्त्यावर उभी, आत वखार. "मेधा, जरा वखारीतला दिवा घालव गं," असं मला सांगत. पुण्यात वाढलेल्या माणसाला वखार म्हटलं की भुशाचा वास येतो. या वखारीला ओल्या सिमेंटचा वास होता.

रेवा ही बाबांची धाकटी मुलगी, माझी नणंद. जन्म कॉव्हेंट्रीचा, नोकरी एडिनबरात, एका विमा कंपनीत. ती प्राथमिक शाळेत असताना आई गेली. घरात मराठी बोलणारे उरले ते बाबा आणि निखिल, म्हणजे माझा नवरा. त्यामुळे तिने जी मराठी उचलली ती पुरुषांची. "वहिनी, मी शुक्रवारी येतो, मला स्टेशनवर पिकअप कराल?" ती सहज म्हणायची. बाबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. ती मराठी बोलते हेच त्यांना पुरेसं होतं. तिच्याजवळ शब्द थोडे होते आणि प्रत्येकाला एकच अर्थ होता. वखार म्हणजे गॅरेज. लाकडं म्हणजे बाबांचे फॉसिल. तिच्या लहानपणी घरात चूल नव्हती, बंब नव्हता, सरपण नव्हतं. दुसरी लाकडं ती कुठे पाहणार?

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला बाबांचे डोळे पिवळे दिसू लागले. तपासण्या झाल्या, एक नळी घातली गेली, पिवळेपणा उतरला. रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचला, त्याची घडी घातली आणि जेवणानंतर तो निखिलच्या हातात दिला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. बाबांनी ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली.

"रेवाला कोणी काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "मी सांगेन. समोर बसवून सांगेन, फोनवर नाही."

याला कारण होतं. त्यांचे वडील कराडला आजारी पडले तेव्हा घरच्यांनी इंग्लंडला पत्रांतून सगळं ठीक असल्याचंच कळवलं, शिकणाऱ्या मुलाला काळजी नको म्हणून. बाबा पोचले तेव्हा घरी वडिलांचे दिवस चालू होते. माझ्या माहितीत त्यांनी ही गोष्ट मोजक्या वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणाले, "मला कळवायला हवं होतं."

तोवर रेवाला काहीतरी सांगणं भाग होतं. निखिलने फोनवर सांगितलं की पित्ताशयात खडे आहेत. ती हसली. बाबांना फोन द्यायला सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आता आतमध्येपण फॉसिल बनवायला लागलात?" बाबाही हसले. फोन ठेवल्यावर ते वखारीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं डॉर्सेटला गेलो. निखिल कामासाठी बाहेरगावी होता. गाडी मी चालवली. हेच वर्ष शेवटचं, हे बाबांना आणि मला माहीत होतं. रेवा मागच्या सीटवर झोपली होती, तोंड उघडं, शाळेतल्या मुलीसारखी. बाबा वाटेत फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "आज सांगतो तिला. तिथे बरं पडेल. हाताला काम असलं की ऐकायला सोपं जातं."

खाणीत मी शेडमध्ये मिसेस हॅलेट यांच्याबरोबर थांबले. थर्मासमधला चहा ओतता ओतता दूरवर दोघं दिसत होती: बाबा पालथ्या बादलीवर बसलेले, रेवा गुडघ्यावर, गॉगल कपाळावर चढवलेला. शब्द ऐकू येत नव्हते. ते बोलणं पुढे दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

"रेवा, तुला एक सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "माझी लाकडं पोचली गं आता."

"अरे वा! सगळे पोचले? वाटेत काही तुटला नाही ना?"

बाबा थांबले. मग हसले. "नाही. काही तुटलं नाही."

"सोडायला जड गेला असेल ना तुम्हाला?"

"जातंच ते."

"पण तुम्ही ओके आहात ना त्याबद्दल?"

"मी आहे."

"मग मीपण ओके आहे," असं म्हणून तिने त्यांची लोकरी टोपी कानांवर ओढली, टोपीवरूनच एक पापी घेतली आणि पुन्हा छिन्नी उचलली.

आपली लाकडं स्मशानात पोचली, असं म्हातारी माणसं सहज म्हणून जातात. आता आपलं वय झालं, आता आपली पाळी. लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हणतात आणि वर भाताची मूद मागून घेतात. बाबांनी त्यातला स्मशान हा शब्द गाळला. आपल्या लेकरासमोर तो शब्द कोणी घेत नाही. तो उच्चारला असता तर रेवाने निदान त्याचा अर्थ विचारला असता. उरला तो शब्द तिला नीट माहीत होता. त्या उन्हाळ्यात बाबांनी लंडनमधल्या एजवेअरच्या एका मित्राला एक मोठा तुकडा कुरिअरने पाठवला होता आणि तो नीट पोचेल ना, याची चिंता फोनवर तिच्याकडेच केली होती.

रविवारी दुपारी तिला स्टेशनवर सोडलं. ट्रेन सुटल्यावर बाबा गाडीत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "सांगितलं तिला."

"काय म्हणाली?"

"धीराची निघाली पोरगी. रडली नाही. विनोद केला तिने त्याच्यावर." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा केला."

पुढचे दोन-तीन आठवडे रेवाचे फोन येत, नेहमीसारखे. फ्लॅटचा बॉयलर बिघडलाय. ऑफिसात नवी मॅनेजर आलीय, ती ईमेलमध्ये सगळ्यांना डिअर लिहिते. ख्रिसमसला मैत्रिणींबरोबर न्यूझीलंडला जायचं ठरलंय, तिकीट काढलं. बाबा फोन कानाशी धरून ऐकत. "छान. थंडीचे कपडे नको नेऊस, तिकडे उन्हाळा असतो," असं सांगत. फोन ठेवल्यावर खिडकीबाहेर बघत बसत. जेवण कमी झालं होतं. वरणभातही अर्धा टाकत.

एका संध्याकाळी निखिलचा आवाज चढला.

"तुम्ही सांगितलंय ना तिला? मग ही न्यूझीलंडला कशी काय जाते?"

"ज्याची त्याची रीत असते."

"ही कसली रीत, बाबा?"

"तिला दोष द्यायचा नाही. फोन करून तर अजिबात बोलायचं नाही. तिने तिच्या पद्धतीने घेतलंय." मग बाबा माझ्याकडे वळले. "मेधा, याला सांग. मी वॉर्डात किती तऱ्हेची माणसं पाहिली आहेत. काही हसतात. काही पार्किंगची चौकशी करतात."

निखिल उठून वर गेला. बाबा तिथेच बसले. टीव्हीवर हवामान चालू होतं. उत्तरेकडून थंडी येत होती.

त्या मोसमाचा शेवटचा शनिवार पावसाचा होता. शेतात पेरणीचं यंत्र फिरत होतं आणि त्याच्या मागे पांढऱ्या पक्ष्यांचा घोळका. मिसेस हॅलेट यांनी आम्हाला बांधाच्या कडेने सोडलं. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी पाणचट झाल्या होत्या, हात लावला की बोटांवर विरघळत. बाबांना हातोडी उचलवली नाही. ते एका आडव्या खोडापाशी बसले, बोट ठेवून टकटक करत राहिले आणि काही फोडलं नाही. बादली रिकामीच परत आली.

"लेक नाही आली आज?" मिसेस हॅलेट यांनी विचारलं.

"कामात आहे ती," बाबा म्हणाले.

खोकल्याबद्दल त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

नंतर कधीतरी मिसेस हॅलेट यांनी शेत विकलं. आता तिथे फाटकाला कुलूप असतं आणि खाणीच्या तोंडाशी काटेरी झुडुपं माजली आहेत. एकदा सप्टेंबरात त्या बाजूला जाणं झालं तेव्हा गाडी थांबवून पाहिलं. बार्ली कापलेली होती. शेतातली वाट कोणती होती, ते ओळखता आलं नाही. अशा वेळी मनात येतं की एका शब्दाचे दोन अर्थ असले तर त्यातला एक सोबत आणायचा राहून जातो, आणि राहून गेलाय हे कळायला कोणाला तरी मरावं लागतं. पण हा विचार नंतरचा. त्या ऑक्टोबरात असं काही सुचत नव्हतं. औषधांच्या वेळा पाळायच्या होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटी, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे झाली त्या आठवड्यात रेवाचा फोन आला. बाबांना नाही, मला.

"वहिनी, एक सीक्रेट आहे. बाबांना नाही सांगायचा. गॅरेज आता रिकामा झाला ना? मग त्यांच्या बर्थडेला आपण तिथे हीटर आणि एक चांगला आर्मचेअर टाकू या? विंटरमध्ये बसायला."

"गॅरेज रिकामं? ते कसं?"

"लाकडं गेले ना एजवेअरला, त्यांच्या फ्रेंडकडे."

"एक तुकडा गेला, तोही जूनमध्ये. बाकी सगळी फळीवर आहेत, रेवा."

"नाही नाही. बाबा स्वतः म्हणाले मला, त्या क्वॉरीत. माझी लाकडं पोचली म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले. पलीकडे तिच्या किटलीचा आवाज येत होता.

"रेवा, ती लाकडं नव्हेत."

"मग कुठली?"

"आपल्याकडे माणूस गेल्यावर लाकडांवर ठेवून जाळतात. ती. म्हातारी माणसं म्हणतात तसं, माझी लाकडं पोचली. म्हणजे आता माझी वेळ आली."

किटली बंद झाली.

"बट ही हॅज गॉलस्टोन्स," ती म्हणाली.

"नाही."

मग अगदी हळू, "वहिनी, मी त्यांना विचारलो, वाटेत तुटला का."

"हो."

"आणि ते हसले."

"हो."

"ते मला ब्रेव्ह समजले असतील."

"धीराची म्हणाले."

"ओ गॉड," ती म्हणाली. मग, "सकाळची पहिली ट्रेन किती वाजता असतो?" आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाबा समोरच्या खोलीत पांघरूण घेऊन बसले होते. तिने कोट काढला नाही.

"बाबा, मला कळलाच नव्हता. मला वाटला, गॅरेजवाली लाकडं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे तू विनोद नव्हता केलास?"

"नाही."

"मग इतके दिवस तुला..."

"काहीच माहीत नव्हता. मी न्यूझीलंड, न्यूझीलंड करत होतो." तिने नाक पुसलं. "आता मला इंग्लिशमध्ये सांगा. नीट."

बाबांनी पांघरूण बाजूला केलं. खुर्ची थोडी वळवली, तिच्या समोर येईल अशी, आणि पाठ सरळ करून बसले. मी दारात होते. आयुष्यभर ज्या वाक्याने ते रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायला सुरुवात करत, त्याच वाक्याने त्यांनी सुरुवात केली: बातमी चांगली नाही, याचं मला वाईट वाटतं. मग कोणता अवयव, कुठवर पसरलंय, काय करता येईल, काय करून उपयोग नाही. आवाज एकसारखा होता. तिने विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, आठवडे. महिने धरून चालू नकोस. आणखी काही विचारायचं असेल तर विचार, असंही म्हणाले. ती पुढे झाली आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून जमिनीवर बसली. त्यांनी खुणेने माझ्याकडे पाणी मागितलं.

"मी थांबतो इथे," रेवा म्हणाली.

तिने तिकीट रद्द केलं आणि ऑफिसातून रजा घेतली. पलंग खालच्या खोलीत आणला. दुपारी ती त्यांच्या उशाशी बसून शब्द विचारायची, एखाद्या विद्यार्थिनीसारखी. पायरला काय म्हणतात. सरण. मग बिअर, प्यायची ती नाही, माणसाला नेतात ती? तिरडी. आणि लोक मागे चालतात, त्याला? बाबा सांगत, कधी थांबून श्वास घेत. बाहेरून ऐकणाऱ्याला ते भीषण वाटलं असतं. एकदा निखिलने दारातून म्हटलंही, "अगं, दुसरे शब्द नाहीत का?" रेवा म्हणाली, "तू गप रे दादा, तुला सगळे येतात." बाबा हसले, आणि हसताना त्यांना दुखलं.

मग इतर शब्दही आले. परात, कडी, झारा, उंबरठा. तिच्या आईचं माहेरचं नाव. आई रागावली की काय म्हणायची, ते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बाबा एका वेळी एक-दोन वाक्यंच बोलू शकत होते. डिस्ट्रिक्ट नर्स रोज येई, मॉर्फिनचा पंप तपासून जाई.

बाबा नोव्हेंबरच्या शेवटी, एका दुपारी गेले. निखिल औषधं आणायला गेला होता आणि मी कामावर होते. त्या वेळचं जे काही ठाऊक आहे ते रेवाने सांगितलं, आणि नर्सने त्याला दुजोरा दिला. नर्स खोलीत आली तेव्हा दोघं बोलत होती. काय बोलत होती, ते तिला सांगता आलं नाही. इंग्रजीत नव्हे, एवढंच तिने सांगितलं.